देशी झुडपं काडीपासून: कोणती, कधी, कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोर तालुक्यात दीड एकराचा तुकडा आहे. वर मुरमाड माळ, खाली ओढा. पक्षी आणि फुलपाखरांसाठी तिथे देशी झुडपांची दाट पट्टी करायची आहे. रोपवाटिकेत मिळतात ती सगळी शोभेची झाडं, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी करवंद, निर्गुडी आणि धायटीच्या फांद्या तोडून पिशव्यांत लावल्या. पंधरा दिवसांत पालवी फुटली, सगळे खूश झाले, आणि एप्रिल उजाडेपर्यंत एकूण एक काडी वाळली. काय चुकलं? मुळं फुटायचं हार्मोन वापरायला हवं होतं का? आणि सगळी पट्टी छाटकलमांवर उभी करता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, आणि करूही नये. साधारण निम्मी झुडपं काडीवर होतील, उरलेली बियांवरच करावी लागतील. हार्मोनकडे नंतर येऊ. तुमच्या काड्या हार्मोनअभावी गेल्या नाहीत, त्या तहानेनं गेल्या.

फांदी तोडली तरी तिच्यात पिष्टाचा आणि पाण्याचा साठा असतो. ऊब लागली की त्या साठ्यावर डोळा फुटतो. त्याला मुळाची गरज नसते. फुटलेलं पान मात्र लगेच बाष्प सोडू लागतं, आणि खालून पाणी ओढून द्यायला कोणीच नसतं. म्हणजे पालवी फुटली याचा अर्थ काडीनं मूळ धरलं असा नाही. बऱ्याचदा अर्थ उलटाच असतो: शिल्लक खर्च व्हायला लागली. फेब्रुवारीनंतर आपल्याकडची हवा रोज कोरडी होत जाते, दुपारचं ऊन चढत जातं, त्यात ही कोवळी पानं आठवडाभरही तग धरत नाहीत. तीच काडी आषाढात लावली तर हवाच इतकी दमट असते की पानातून फार पाणी जात नाही, आणि मुळाला उसंत मिळते. देशावर आणि मावळात छाटकलमाचा खरा हंगाम मृगाचा पाऊस नीट स्थिरावल्यापासून श्रावण सरेपर्यंत. बाकीच्या महिन्यांत जमत नाही असं नाही, पण मग शेडनेट, धुकं सोडणारे फवारे आणि रोज लक्ष घालणारा माणूस लागतो. दीड एकरासाठी तो खटाटोप कशाला?

निर्गुडीची एखादी काडी लावल्यावर तीन आठवड्यांनी हलक्या हातानं उपसून पाहा. एवढी एक वाया गेली तरी चालेल, बघण्यासारखं असतं. खालच्या कापाच्या कडेला, साल आणि लाकूड जिथे भेटतात तिथे, मळकट पांढरी खरबरीत कड आलेली दिसेल. ते मूळ नव्हे, जखम भरून आल्याची खूण आहे. खरी मुळं बहुधा तिच्या जरा वर, पेराजवळ सालीला चीर पाडून बाहेर येतात. पांढरीशुभ्र, जाडसर, शेवयांच्या तुकड्यांसारखी, आणि बोट लागलं तरी मोडतील इतकी ठिसूळ. या अवस्थेत पिशवी बदलली की ती सगळी तुटतात आणि काडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, बहुतेकदा साठा संपलेल्या पोटी. म्हणून मुळं पिशवीच्या भोकांतून डोकावेपर्यंत काडी जागची हलवू नये. मधल्या काळात शंका आली तर वरून अगदी हलकं ओढून बघायचं. सैल आली तर अजून काही नाही, आतून धरून ठेवल्यासारखी वाटली तर काम सुरू झालंय.

आता झाडांकडे. काडीवर येणं हा त्या त्या झाडाचा स्वभाव असतो. ओढ्याकाठची, पुरात मोडणारी, गाळात गाडली जाणारी झाडं मुळातच तुकड्यातून उभी राहायला सरावलेली असतात. कातळावरची, हळू वाढणारी, चिवट लाकडाची झाडं बियांवर विसंबतात. तुमच्या तिन्ही झाडांत हा फरक सरळ दिसतो: निर्गुडी राजी, धायटी रुसकी, करवंद साफ नाराज.

निर्गुडीपासून सुरुवात करा. पेन्सिलीएवढी जाड, मागच्या वर्षीची, करडी पडलेली फांदी घ्यायची. वीतभराहून थोडी लांब, चार-पाच पेरांची. दोन पेरं मातीत, बाकीची वर. पावसाळ्यात नुसती बांधावर खोचली तरी बऱ्याच जगतात, पण पिशवीत केली तर हुकमी. गुरं-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे मोकाट चराई असलेल्या गावात पट्टीची बाहेरची रांग निर्गुडीची असावी. निळसर जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्या आणि लहानमोठी फुलपाखरं पावसाळ्यापासून पुढे बरेच महिने असतात.

अडुळसाही तसाच सोपा आणि जनावरांना तसाच नावडता. त्याची काडी फार जून नको, फार कोवळीही नको. वाकवली तर वाकावी आणि मग कट्कन मोडावी, अशी अर्धवट पिकलेली. वरची दोन पानं ठेवून तीही निम्मी कापायची, कारण अडुळशाचं पान मोठं आणि पाणी उडवणारं. हिवाळ्यात त्याला पांढरी, ओठ काढल्यासारखी फुलं येतात आणि काळे जाडजूड भुंगे त्यांच्यात डोकं खुपसून बसतात. रानात फुलं कमी असतात त्या दिवसांत हा मध चालू असतो, म्हणून अडुळसा मला पट्टीत हवाच वाटतो. औषधी म्हणून लोक पाला ओरबाडून नेतात, तेवढं सोसायची तयारी ठेवा.

ओढ्याच्या अर्ध्या सावलीत चित्रक लावा. कमरेएवढंही होत नाही, काडी सहज धरतं, मुळाच्या तुकड्यांपासूनही येतं. मुळं हाताळताना मात्र हातमोजे घाला, रसानं कातडीवर फोड येतात. झेब्रा ब्लू नावाचं बारकं, खालून पट्टेदार फुलपाखरू चित्रकाच्या कळ्यांवर अंडी घालतं. त्याच्या अळ्या कळ्या-फुलं खातात, तेव्हा कीड पडली म्हणून फवारायला धावू नका. त्यांच्यासाठीच तर लावलंय.

भुतकेस पश्चिम भोरच्या बाजूला, घाटाच्या उतारांवर पावसाळ्यात लांबूनही ओळखू येतो. नारिंगी फुलांच्या गुच्छातून एखादं पांढरं पान बाहेर आलेलं असतं. काडीवर येतो, पण दमट हवेला हटून बसतो. एक दुपार उघड्यावर राहिला तर मान टाकतो. याच्यासाठी पिशव्यांवर बांबूच्या कामट्या वाकवून पारदर्शक प्लास्टिकचा बुटका मांडव करा आणि तो सावलीत ठेवा. रोज सकाळी थोडा वेळ उघडायचा, नाहीतर आत बुरशीचं राज्य होतं. कमांडर फुलपाखराच्या अळ्या याच्या पानांवर वाढतात. अळी पानाची मधली शीर शिल्लक ठेवून दोन्ही बाजूंचं पान खाते आणि त्या काडीसारख्या शिरेवरच बसून राहते, शोधूनही सापडत नाही. बागेत मिळणारा गुलाबी-पांढरा मुसांडा म्हणजे हा नव्हे. तो संकरित, नुसता देखणा.

धायटीचं जरा सविस्तर सांगते, कारण उन्हाळ्याच्या तोंडाशी डोंगर उघडा पडलेला असताना तिच्या तांबड्या नळीदार फुलांवर शिंजीर (मध पिणारे चिमुकले पक्षी) दिवसभर असतात. अशी दुसरी झुडपं आपल्याकडे फार नाहीत. जुन्या, फुलून गेलेल्या फांदीची काडी क्वचितच धरते. युक्ती अशी: शेताच्या बांधावरची किंवा परवानगीनं मिळालेली एखादी धायटी फुलोरा उरकल्यावर जमिनीपासून हात-दीड हातावर छाटून ठेवायची. पावसाच्या आसपास बुंध्यातून जोमदार सरळ फुटवे निघतात. त्या फुटव्यांची अर्धवट पिकलेली काडी घेतली तर पारडं बरंच बदलतं, कारण झाडाचा ताजा फुटवा वयानं जणू लहान असतो आणि मुळं फोडण्याची ताकद त्याच्यात जास्त. हार्मोन खरं कामाला येतं ते इथे. फुलोऱ्याच्या वेळी मात्र धायटी छाटू नका, शिंजिरांच्या तोंडचा घास जातो.

हार्मोन म्हणजे बहुतेक वेळा आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटिरिक अ‍ॅसिड. दुकानात भुकटीच्या रूपात मिळतं. अर्धपक्व काडीला साधारण 1000 ते 3000 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि जून लाकडाला त्याहून कडक, असं ढोबळ माप. काडीचं टोक ओलं करून भुकटीत टेकवायचं, झटकायचं आणि काठीनं आधी पाडलेल्या भोकात लावायचं. काडी तशीच मातीत घुसवली तर भुकटी वरच पुसली जाते. जास्त लावलं तर जास्त मुळं येतील हा समज सोडा. टोक काळं पडून कुजतं. शुद्ध आयबीए पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते आधी अल्कोहोलमध्ये घ्यावं लागतं. म्हणून ‘बादलीभर पाण्यात चमचाभर’ असले उपाय निरर्थक आहेत. नारळाच्या पाण्यात काड्या भिजवायचा सल्लाही फार ऐकू येतो. त्यात साखर असते, ती बुरशीला आमंत्रण देते, आणि त्यातली वाढद्रव्यं मुळांपेक्षा फुटव्यांना चालना देणारी आहेत. नारळपाणी प्या आणि कामाला लागा. निर्गुडी, अडुळसा, चित्रक यांना यातलं काहीच लागत नाही.

तुमच्या ओढ्यात वर्षभर किंवा निदान माघापर्यंत ओल राहत असेल तर दोन झाडं नक्की बघा: शेरणी आणि वाळुंज. शेरणी म्हणजे नदीपात्रातल्या खडकांच्या फटीत उभी असलेली, अरुंद लांब पानांची झुडपं. पूर अंगावरून जातो आणि ती वाकून पुन्हा उभी राहतात. नदीचे काठ काँक्रीटनं बांधून काढायच्या नादात ही फार ठिकाणांहून गेली. वाळुंज मोठं होतं, झाडच म्हणायला हवं, पण छाटत राहिलं तर झुडपासारखं राहतं. दोघांच्या हातभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड काड्या पुराचा जोर ओसरल्यावर ओल्या काठात निम्म्याहून जास्त खोल ठोकायच्या. ठोकायच्या आधी पहारीनं भोक पाडा, नाहीतर साल सोलवटते. मुळं धरली की काठची माती तीच सांभाळतात.

पण इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात. शेरणी आणि वाळुंज या दोघांत नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. काडी ही आईची हुबेहूब नक्कल. एका नर झाडाच्या शंभर काड्या लावल्या तर शंभर नर झाडं उभी राहतील, हिरवीगार, आणि त्यांच्यातून पुढे एकही बी पडणार नाही. फुलं आलेली असताना झाडं बघून ठेवा, फांदीला चिंधी बांधून खूण करा आणि दोन्हीकडून काड्या घ्या.

हाच मुद्दा, थोड्या वेगळ्या रीतीनं, प्रत्येक झुडपाला लागू आहे, आणि या सगळ्या उत्तरातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. सोय म्हणून माणूस एकाच देखण्या झुडपाला गाठतो आणि त्याच्याच पन्नास काड्या करतो. दिसायला पन्नास झुडपं, प्रत्यक्षात एकच. ती सगळी एकाच आठवड्यात फुलतात, एकाच वेळी संपतात, आणि पुढचे तीन आठवडे मधमाशीला तिथे काही नसतं. काही जातींत स्वतःच्याच परागावर फळ धरत नाही. तिथे अशी पट्टी फुलते पण फळत नाही, आणि बुलबुलांच्या दृष्टीनं ती कुचकामी. रोग आला तर एकजात येतो. पांगाऱ्याचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. त्याच्या पानांवर आणि देठांवर गाठी आणणारी एक बारीक गांधीलमाशी 2005च्या आसपास दक्षिण भारतात दिसू लागली आणि तिनं खुंटांवर वाढवलेल्या पांगाऱ्यांचे हाल केले. म्हणून प्रत्येक जातीच्या काड्या निदान दहा-बारा वेगवेगळ्या झुडपांवरून घ्या. तीही एकमेकांना चिकटून उभी असलेली नकोत, कारण ती बऱ्याचदा एकाच मुळावरचे फुटवे असतात. एक या बांधावरचं, दुसरं पलीकडच्या वाडीतलं, तिसरं रस्त्याकडेचं, असं. लवकर फुलणारं, उशिरा फुलणारं, दोन्ही घ्या. प्रत्येक झुडपाच्या पिशव्यांना वेगळी खूण करा आणि लावताना त्या मिसळून लावा.

झुडपं शोधायला फार लांब जाऊ नका. तुमच्याच खोऱ्यातली, तुमच्याएवढ्याच पावसातली बरी. वरंध घाटाखालच्या धो धो पावसातला भुतकेस नसरापूरच्या बाजूच्या कोरड्या बांधावर झुरतो. आणि काड्या कुठून तोडायच्या नाहीत तेही ठरवून टाका. राखीव वनात झाडं छाटायला 1927च्या भारतीय वन कायद्यानं मनाई आहे, अभयारण्यात तर प्रश्नच नाही. देवराईतून वाळकी काटकीसुद्धा घरी नेऊ नये, हे गावातली म्हातारी माणसं तुम्हाला सांगतीलच. बांध, रस्त्याची कड, गावठाणाची कुंपणं, ओळखीच्यांची शेतं, एवढ्यावर भागतं. मालकाला विचारून, आणि एका झुडपाच्या चार-पाचपेक्षा जास्त फांद्या न घेता. फांदी तोडण्याआधी आत वाकून बघा. आषाढात बुलबुलाचं, वटवट्याचं किंवा शिंप्याचं घरटं नेमकं तुम्हाला आवडलेल्या फांदीवर असू शकतं.

तोडायचं काम सकाळी लवकर, काडी पाण्यानं भरलेली असताना. द्राक्षबागायतदार वापरतात तो सिकेटर (छाटणीची कात्री) उत्तम. पातं स्पिरिटनं पुसून घ्या, बोथट कोयत्यानं काडी चेंगरते आणि चेंगरलेलं टोक कुजतं. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. वरचा सरळ. तिरक्या-सरळचा एक फायदा असा की गठ्ठ्यात काडी उलटी झाली तरी खालचं टोक चुकत नाही. उलटी लावलेली काडी मुळं धरत नाही म्हटलं तरी चालेल, कारण मुळं फोडणारं द्रव्य काडीत शेंड्याकडून बुडाकडे वाहतं. तोडलेल्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी लावा.

पिशवीत शेणखत भरायची सवय इथे मोडावी लागेल. मूळ नसलेल्या काडीला खताचा उपयोग शून्य, बुरशीला मात्र मेजवानी. दोन भाग जाड वाळू आणि एक भाग कोकोपीट किंवा चाळलेली लाल माती, एवढं पुरे. भाताच्या तुसाचा काळा कोळसा मिळाला तर वाळूत मिसळा, तो हलका असतो आणि पाणी तुंबू देत नाही. मावळपट्ट्यात पावसाळ्यात काड्या कोरडेपणानं कमी आणि साचलेल्या पाण्यानं जास्त मरतात. पिशव्या थेट जमिनीवर न मांडता खडीच्या थरावर मांडा, भोकं नीट पाडा आणि पावसाचा मारा थेट बसणार नाही अशा झाडाच्या किंवा शेडनेटच्या सावलीत ठेवा. टोक काळं पडत वर चढायला लागलेली काडी लगेच उपटून फेका, शेजारणीला लागण होते. मूळ धरल्यावर, दोन महिन्यांनी, मोठ्या पिशवीत खतमातीत हलवा. वाळवी असेल तर त्या मातीत मूठभर निंबोळी पेंड.

चिकाच्या झाडांचा नियम उलटा. रुई आणि त्रिधारी निवडुंग यांच्या काड्या ओल्या जखमेनं लावल्या की हमखास सडतात. त्या तोडून, चीक धुऊन, सावलीत काही दिवस पडू द्यायच्या, काप सुकून त्यावर पापुद्रा धरला की मग कोरडसर मातीत लावायच्या. आणि पावसाच्या आधी, पावसात नव्हे. निवडुंगाचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा जायची वेळ येते, चष्मा घाला, मुलांना लांब ठेवा. मुरमाड उतारावर त्रिधारीची बेटं असली की सरडे, साप, मुंगसं, तित्तर सगळ्यांना आडोसा होतो, आणि त्या काट्यांच्या आत पडलेली बोरी-बाभळीची बी शेळ्यांपासून वाचून वर येते. फड्या निवडुंग मात्र अमेरिकेकडून आलेला आहे, तो नको.

यावरून आठवलं. गावात ‘काडी खोचली की येतं’ म्हणून जी झाडं तुम्हाला हौसेनं आणून देतील, त्यांतली बरीचशी बाहेरची असतात. गिरिपुष्प, मोगली एरंड, बेशरम ही तिन्ही अमेरिका खंडातली. कुंपणाचा शेरही मूळचा आफ्रिकेकडचा, आता गावात रुळलेला. गिरिपुष्पाचा पाला शेताला चांगला, त्याबद्दल तक्रार नाही, पण ज्या पट्टीत इथल्या अळ्या आणि त्या अळ्यांवर पिल्लं वाढवणारे पक्षी हवेत, तिथे त्याला जागा देऊ नका. बेशरम तर ओढ्यात एक तुकडा पडला तरी पात्र अडवतो. घाणेरीवर बुलबुल बसतात हे खरं, तीही परदेशीच. पण असलेली घाणेरी एका झटक्यात साफ करू नका. आहे तो आडोसा जातो आणि नवा उभा राहायला तीन पावसाळे लागतात. टप्प्याटप्प्यानं काढा, आणि काढलेल्या जागी त्याच पावसात निर्गुडी बसवा.

आता बियांची बाजू, थोडक्यात. करवंद काडीवर करायच्या भानगडीत पडू नका. मे-जूनमध्ये पिकलेली करवंदं खा, बिया धुवा आणि त्याच आठवड्यात पेरा. ठेवलेल्या बियांचा जोर झपाट्यानं जातो. तोरण, गेळा, माकडलिंबू बियांवरच. माकडलिंबू हळू वाढतं पण नक्की लावा, 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेल्या नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या अशाच झाडांवर वाढतात. तरवड आणि मुरुडशेंगेच्या बिया कडक असतात. कडकडीत पाण्यात टाकून तशाच रात्रभर राहू द्यायच्या आणि सकाळी पेरायच्या. कारवीही बियांवरची, आणि ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून मरते, त्यामुळे आसपास फुलेल त्या सालानंतर बी गोळा करायला चुकू नका. वाघाटीची फळं बाजारात आषाढी बारशीच्या सुमारास येतात, पण ती भाजीसाठी कोवळी तोडलेली. पेरायला वेलीवर पिकून लाल झालेलं फळ लागतं. तिच्या काट्यांच्या जाळ्यात पक्षी निर्धास्त घरटी करतात.

मोठं काही हवं असेल तर पांगारा. पुरुषभर उंचीचे, मनगटाएवढे खुंट मेअखेरीस, पान यायच्या सुमारास, हातभर खोल पुरायचे आणि वरच्या कापाला शेण-मातीचा लेप द्यायचा. ही आपल्याकडची जुनी कुंपणाची रीत आहे. फाल्गुनात निष्पर्ण झाडावर तांबडी फुलं आली की मैना, कोतवाल, आणि परतीच्या वाटेवरच्या भोरड्यांचे थवे उतरतात. दर पन्नास-साठ फुटांवर एक पुरे, आणि वर सांगितल्याप्रमाणे वेगवेगळ्या झाडांचे खुंट.

तुमच्या जागेबद्दल एक हरकत आहे. वरचा मुरमाड माळ तुम्हाला ओसाड वाटतो, म्हणून तिथेही झुडपं लावायचा बेत दिसतो. तिथे आधी एक वर्ष नुसतं बघा. माळ ही मोडकी जागा नसते. चंडोल, लावे, धाविक यांना उघडं गवतच लागतं, लांबवर दिसलं पाहिजे, खाली जमिनीवर अंडी घालायची असतात. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी राखलंय ते अशाच गवताळ, खुरट्या माळावर. तुमच्या माळावर दाट झुडपं आली तर कोल्हा-मुंगसाला दबा धरायला जागा होईल आणि चंडोल निघून जाईल. झुडपांची पट्टी ओढ्याच्या दोन्ही काठांनी आणि बांधांवर करा, माळाला फक्त चराई आणि वणवा यांपासून सांभाळा. त्रिधारीचं एखाददुसरं बेट चालेल.

पट्टी सरळ रांगेत लावू नका. पाच-सात झुडपांचे घोळके करा, घोळक्यात दोन झुडपांमध्ये दोन-अडीच हात अंतर, आणि दोन घोळक्यांमध्ये गवताची मोकळी जागा. आतल्या बाजूला भुतकेस, चित्रक, करवंद, बाहेर निर्गुडी-अडुळसा. तळाशी पडलेला पाला झाडून जाळायचा नाही, सातभाईंची टोळी दिवसभर तोच उलथत असते. छाटणी करायचीच असेल तर दिवाळीनंतर, थंडीत. उन्हाळा लागल्यापासून पावसाळा सरेपर्यंत कोणी ना कोणी घरटं करून बसलेलं असतं. फक्त अडुळसा आणि धायटी त्यांची फुलं उरकल्यावरच छाटा, आणि तेव्हा आत घरटं नाही ना ते बघून.

यंदा जुलैत केलेल्या काड्या यंदाच लावायची घाई करू नका. तालुक्याच्या पश्चिमेला, जिथे पाऊस सप्टेंबरपर्यंत खेचतो, तिथे निर्गुडी ऑगस्टअखेर लावली तर चालून जाते. तुमचा ओढा जर दिवाळीलाच आटत असेल तर सगळी रोपं पिशवीतच सावलीत सांभाळून पुढच्या मृगात लावा. उन्हाळाभर पिशव्यांना पाणी घालणं दीड एकरभर हंडे वाहण्यापेक्षा सोपं. लावल्यावर पहिला उन्हाळा आठवड्याला एक पाणी आणि बुंध्याशी वाळक्या गवताचं जाड आच्छादन. शेळ्यांसाठी बाभळीच्या काटेरी फांद्यांची वई दोन वर्षं टिकते. तोवर बाहेरची निर्गुडी एकमेकींत मिसळलेली असते आणि वईची गरज उरत नाही.